छापील आकड्याच्या पलीकडे

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी दोन इथे महत्त्वाचे. एक ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, भाव १४९ डॉलर. पहिला ऐपतवाल्यांसाठी आणि दुसरा पत्रं टाइप करून जमाखर्च लिहिणाऱ्यांसाठी, अशी कंपनीची सरळ विभागणी होती. गिऱ्हाइकांनी ती फार दिवस टिकू दिली नाही. १४९ डॉलरचा सेलेरॉन बहुतेकदा ४५० मेगाहर्ट्झवर बिनबोभाट चालतो, ही खबर हौशी मंडळींत पसरली आणि बघता बघता तो क्वेक खेळणाऱ्या पोरांचा लाडका प्रोसेसर होऊन बसला.

कमी पैशांत गेमिंग पीसी कसा जुळवावा हे सांगणारं पुस्तक पाव शतकापूर्वीच्या प्रोसेसरपासून का सुरू करायचं, असं कुणी विचारेल. कारण या छंदाचं सगळं व्याकरण त्या एका प्रोसेसरमध्ये सापडतं.

सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर कायमचा बांधलेला होता. मदरबोर्डची बस ६६ मेगाहर्ट्झने चाले. ६६ला साडेचारने गुणलं की झाले साधारण ३००. मल्टिप्लायरला हात लावता येत नव्हता, पण बसला येत होता. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झच्या बसची सोय पेन्टियम टूसाठी आधीच केलेली होती. सेलेरॉन तिथे बसवून बस १०० केली की ४५०. यातली खरी मेख पुढे आहे. पीसीआय कार्डांना ३३ मेगाहर्ट्झ लागतात. ते ६६चे दोन भाग करून मिळत, तसेच १००चे तीन भाग करूनही मिळत. म्हणजे प्रोसेसर दीडपट पळत असला तरी शेजारच्या साउंड कार्डाला आणि हार्ड डिस्कला त्याचा पत्ताच लागत नसे. तैवानच्या अबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डावर हे सगळं बायोसमध्ये बसून करता येई. ज्यांचा बोर्ड ऐकत नसे ते प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ या पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत, नाहीतर नेलपॉलिशचा ठिपका देत. ‘मी ६६चा आहे’ असं बोर्डाला सांगणारी पिन ती. तिचं तोंड बंद केलं की बोर्ड १०० धरून चाले.

यात जादू काही नव्हती. एका वेफरवर कितीतरी चिपा एकदम घडतात. मग चाचणी घेऊन कोणती किती वेग झेपवते ते बघतात आणि त्याप्रमाणे शिक्का मारतात. पण शिक्का नुसत्या चाचणीवर ठरत नाही, मागणीवरही ठरतो. कारखान्यातून माल उत्तम निघतोय आणि गिऱ्हाईक मात्र स्वस्त प्रोसेसरच मागतंय, असं झालं की दमदार चिपेवरही ३००चाच शिक्का बसतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्या शिक्क्याआडचा माल ओळखून वापरणं. दोन चिपा कधी सारख्या नसतात, म्हणून यात नशिबाचाही वाटा असतो. हौशी लोक त्याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात.

सेलेरॉनच्या गोष्टीत आणखी एक धागा आहे, आणि मेगाहर्ट्झच्या कौतुकात तो मागे पडतो. आधीच्या सेलेरॉन २६६ला एलटू कॅश मेमरी अजिबात नव्हती, त्यामुळे गेममध्ये तो रडतखडत चाले. ३००एला इंटेलने चिपेवरच १२८ केबी कॅश दिली आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने पळे. पेन्टियम टूची कॅश ५१२ केबी, चौपट मोठी, पण वेगळ्या चिपांत बसवलेली आणि निम्म्या वेगाची. म्हणून ४५०वर नेलेला सेलेरॉन गेममध्ये पेन्टियमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. घड्याळाचा काटा पुढे ढकलला हे खरं, पण कॅश नसती तर तेवढ्याने भागलं नसतं. वाचकाने हे ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनची पाळी आली. त्यांच्या सिरॅमिकच्या अंगावर एल१ नावाचे बारीक पूल होते, ते कारखान्यात तोडून मल्टिप्लायर बंद केलेला असे. साध्या शिसपेन्सिलीने त्या तुटक्या पुलांवर रेघ ओढली की ग्राफाइटमधून वीज वाहू लागे आणि मल्टिप्लायर मोकळा. शेजारच्या पुलाला रेघ लागू द्यायची नाही, एवढंच पथ्य.

या काळाला ओव्हरक्लॉकिंगचं सुवर्णयुग म्हणायची पद्धत आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा उद्योग खिसा रिकामा असलेल्यांचा होता. ज्याला ६६९ डॉलर परवडत त्याला चिकटपट्टी कापत बसायचं कारण नव्हतं.

पुढे हे उलटं झालं. २०११च्या जानेवारीत इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. त्यांत १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ घड्याळाला पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी असं सगळंच बांधलेलं होतं. ते घड्याळ जरा पुढे सरकवलं की हार्ड डिस्क रुसायची. सेलेरॉनच्या वेळची ती १००चे तीन भाग करायची पळवाट बुजली. मल्टिप्लायर मनाप्रमाणे वाढवायचा तर नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर घ्या, त्यासाठीचा वेगळा चिपसेट घ्या, वरून स्वतंत्र कूलर घ्या. आय५-२५००के हा उत्तम प्रोसेसर होता, ३.३ गिगाहर्ट्झवरून साडेचारपर्यंत आरामात जाई. पण पैसे वाचवण्यासाठी ओव्हरक्लॉक करायचं हा हिशेब तिथे संपला आणि ओव्हरक्लॉक करण्यासाठी पैसे मोजायचे हा नवा हिशेब सुरू झाला. रंगीबेरंगी दिवे लागलेले कॅबिनेट त्यानंतर बोकाळले, हा निव्वळ योगायोग नसावा.

मधे २०१४ साली इंटेलने जुन्या दिवसांची आठवण म्हणून एक स्वस्त चीज सोडली. पेन्टियम नावाला वीस वर्षं झाली त्यानिमित्तचा पेन्टियम जी३२५८. किंमत ७२ डॉलर, मल्टिप्लायर मोकळा, ३.२ गिगाहर्ट्झवरून ४.५च्या आसपास नेता येणारा. सगळे हरखले. पण याला कोअर दोनच होते आणि थ्रेडही दोनच. त्याच नोव्हेंबरात ‘फार क्राय ४’ आला आणि दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर तो काळा पडदा दाखवून बसून राहू लागला. साडेचार गिगाहर्ट्झ असोत की साडेपाच, गेम सुरूच होत नाही म्हटल्यावर त्यांचं लोणचं घालायचं? कमी वेगाचा पण चार थ्रेडचा कोअर आय३ घेतलेला माणूस तिकडे खेळत होता. वेग वाढवता येतो, कोअर वाढवता येत नाहीत. बेतात पीसी जुळवणाऱ्याने ही एक गोष्ट गाठीला बांधली तरी पुष्कळ झालं.

२०१७मध्ये एएमडीच्या रायझनने दार पुन्हा किलकिलं केलं. सगळे रायझन मोकळ्या मल्टिप्लायरचे, बी३५० या मध्यम भावाच्या चिपसेटवरही ओव्हरक्लॉकिंग चालणार, आणि रायझन ५ १६००सारख्या प्रोसेसरच्या खोक्यातच बऱ्यापैकी कूलर. चार दिवस पुन्हा मजा आली. पण तोवर कारखानाही शहाणा झाला होता. आजचा प्रोसेसर स्वतःचं तापमान, करंट आणि व्होल्टेज सतत मोजत असतो आणि जागा दिसली की आपणहून वेग वाढवतो. ग्राफिक्स कार्डंही २०१२पासून हेच करतात. चिकटपट्टीवाले ज्या फटीत बोट घालत होते ती फट आता कंपनीच भरते आणि तिचे पैसे लावते. कधी जरा जास्तच भरते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याने झिजून अस्थिर होत आहेत, हे २०२४मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं. मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. कारखान्यातूनच इतकी ताणून आलेली चिप घरी आणखी ताणायची तर ती स्वतःच्या जबाबदारीवर.

आता कॅशचा धागा पुन्हा हातात घेऊ. एप्रिल २०२२मध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. आधीच्या ५८००एक्सपेक्षा याचा वेग कमी, ४.७ऐवजी साडेचार गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर कुलूपबंद. पण अंगावर चढवलेल्या जादा थरामुळे एलथ्री कॅश ३२ एमबीऐवजी ९६ एमबी. आणि गेममध्ये याने आपल्या वेगवान भावंडाला मागे टाकलं. गेम चालताना प्रोसेसरचा मोठा वेळ रॅमकडून माहिती यायची वाट बघण्यात जातो. ६० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४च्या हिशेबाने जेमतेम सात. त्यात मोठ्या कॅशमुळे वाट बघणं कमी झालं तर दोनशे मेगाहर्ट्झचं सुतक धरायचं कारण नाही. हा प्रोसेसर काही स्वस्त नव्हता, तेव्हा तो सुचवण्यासाठी हे लिहीत नाही. ओव्हरक्लॉक न होणारा प्रोसेसर आपल्या काळातला गेमिंगचा राजा ठरतो, तेव्हा छापील गिगाहर्ट्झकडे बघायची आपली नजर बदलायला हवी, एवढ्यासाठी लिहितो. शिवाय २०१७चा साधा बी३५० बोर्ड ज्याने सांभाळून ठेवला होता, त्यालाही पुढे नुसतं बायोस अपडेट करून हा प्रोसेसर बसवता आला. बोर्ड निवडताना दिव्यांपेक्षा सॉकेटचं आयुष्य बघावं असं मी वारंवार म्हणतो ते यामुळे.

मग आज ओव्हरक्लॉकिंग शिकायचंच कशाला? शिकायचं, पण उलट्या दिशेने.

चिपेची उष्णता ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. हाती काय लागतं, तर फार तर दहा टक्के वेग, आणि गेममध्ये त्याहूनही कमी. हेच गणित उलटं मांडून बघा. वेग तोच ठेवून व्होल्टेज आठ टक्के उतरवलं तर उष्णता सुमारे १५ टक्क्यांनी घटते. कारखाना हजारो चिपांतली सगळ्यांत मठ्ठ चिपही चालावी अशा बेताने व्होल्टेज ठरवतो, आपली चिप तेवढी मठ्ठ असेलच असं नाही. उरलेली ती फट आजही घरी बसून वापरता येते. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर, ग्राफिक्स कार्डाला आफ्टरबर्नर नावाचा प्रोग्रॅम. थोडं उतरवायचं, गेम तासभर चालवायचा, अडखळला तर एक पायरी वर यायचं. पंख्याचा आवाज कमी होतो, आणि थंड राहिलेली चिप आपणहून वरच्या वेगावर जास्त वेळ टिकते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, पण कौशल्य तेच, पिनेवर चिकटपट्टी लावणाऱ्याचं.

आपल्याकडे तर याची गरज दुप्पट आहे. परदेशी परीक्षणांतली तापमानं बाविसेक अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. तिथे ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ५३ अंश वर असतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात बिनएसीच्या खोलीत दुपारी ४२ अंश असले, तर तोच कूलर, तोच प्रोसेसर ९५ला जाऊन टेकतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे पैसे भरून घेतलेला वेग उन्हाळाभर गायब. तिथे पुढून जाळी असलेलं, हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट हे काचेच्या कॅबिनेटपेक्षा सरळ सरळ जास्त वेगवान आहे. कोकणात प्रश्न दमटपणाचा आणि गंजाचा, देशावर धुळीचा. पंख्याला धूळजाळी असावी आणि ती दर महिन्याला काढून झटकावी.

आणखी एक फुकटचा वेग घरोघर पडून असतो, तो रॅममध्ये. ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम बोर्डात खोचली की ती बहुधा मुकाट्याने २१३३ किंवा २४००वर चालू लागते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्याशिवाय छापील वेग मिळत नाही. दुसरं, १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात आणि चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, म्हणजे दोन्ही चॅनल चालतात. रायझन ५ ५६००जीसारख्या, ग्राफिक्स पोटातच असलेल्या प्रोसेसरला तर हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण त्याची ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगते.

ग्राफिक्स कार्ड हा बजेटमधला सर्वांत मोठा घास, आणि फसगतही तिथेच जास्त. उदाहरण जानेवारी २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटीचं. कार्डाला मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन. नव्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर कसंबसं निभायचं. बी४५०सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लेनचा वेग निम्मा होई, मेमरी भरली की कार्ड रॅमकडे धाव घेई आणि गेम धापा टाकू लागे. गंमत अशी की स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असण्याची शक्यता जास्त. कार्ड सुटं चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या बोर्डात बसणार ते विचारायला हवं. आणि काय खेळणार तेही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याचा भार प्रोसेसरवर आणि रॅमवर पडतो, त्याने महागडं कार्ड घेऊन प्रोसेसरात काटकसर केली तर कार्ड अर्धा वेळ झोपा काढेल. २०२३मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’सारख्या गेमांचा भार उलटा पडतो आणि ८ जीबीची कार्डंही तिथे घामाघूम झाली.

सेकंडहँड बाजाराला मी नाक मुरडणारा नाही. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतली बरीच आजही चांगली चालतात. चिप सहसा टिकते. जातात ते पंखे, आणि सुकतात ती थर्मल पेस्ट आणि पॅड. घेताना जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवून बघावा. आरएक्स ५८० म्हणून २०४८ शेडरचं कार्ड गळ्यात मारायचा प्रकार सर्रास चालतो, खऱ्याला २३०४ असतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने विचाराल तर कुणी सांगणार नाही) दुकानदाराला ‘चालवून दाखवा’ म्हणायला लाजू नये. बिल मागावं. बिनबिलाचा १८ टक्के जीएसटी वाचतो तेव्हा वॉरंटीही बहुधा वाचतेच, दुकानदाराची.

राहिला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा ४५० वॉटचा एसएमपीएस घरी आणला की आधी त्याच्या कुशीवरची चिठ्ठी वाचा. +१२ व्होल्टचा रकाना बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलेत, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत वाटून टाकलेले असतात, आजच्या पीसीला त्यांचा फारसा उपयोग नाही. ८० प्लसचा बिल्ला वीज किती वाया जात नाही ते सांगतो, आतल्या कपॅसिटरची जात सांगत नाही. आपल्याकडे त्यात व्होल्टेजची वरखाली आणि लोडशेडिंगची भर. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, आणि चांगल्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसचं चौकोनी लाटेच्या स्वस्त यूपीएसशी कधी कधी जमत नाही, वीज गेल्याबरोबर पीसी बंद पडतो आणि माणूस बिचाऱ्या यूपीएसच्या बॅटरीला शिव्या देत बसतो. एसएमपीएस बिघडला तर एकटा जात नाही. म्हणून या पुस्तकात एसएमपीएसचं प्रकरण पहिलं आहे आणि प्रोसेसरचं चौथं. बांधणीचा क्रम याच्या उलट असतो हे मला ठाऊक आहे, पण हा खरेदीचा क्रम आहे.

या पुस्तकात द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करण्याची रीत नाही. पाण्याने थंड करणाऱ्या कूलरवर अर्धं पानच आहे, कारण ज्या बजेटसाठी हे लिहिलंय त्यात ते पैसे ग्राफिक्स कार्डाकडे गेलेले बरे. आजच्या भागांची किंमत तर एकही दिलेली नाही. मायनिंगने २०२१मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या भावांचं जे केलं तेच २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमच्या भावांचं केलं. छापलेला भाव शाई वाळेपर्यंत खोटा ठरतो. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरा रकाना आहे. तीन दुकानांचे त्या आठवड्याचे भाव त्यात स्वतः भरावेत, आणि सगळे रकाने भरून झाल्याशिवाय पहिला भागसुद्धा विकत घेऊ नये.